घातांकांचं गाऱ्हाणं

हरिश्चंद्र गुरव जन्माचा भित्रा. कोणी कुत्र्याला भितं, कोणी भुताला. हा माणसांना भ्यायचा, आणि त्यातही प्रश्न विचारणाऱ्या माणसांना. बापाचं नाव भागोजी, त्यामुळे ‘भित्री भागुबाई’ म्हणून चिडवायला शाळासोबत्यांना फारशी अक्कल खर्चावी लागली नाही. चौथीत असताना गुरुजींनी त्याला फळ्याजवळ उभं करून एकोणिसाचा पाढा विचारला. पाढा त्याला येत होता. गुरं वळताना, विहिरीवर, जेवताना तो घडाघडा म्हणायचा. पण सगळ्या वर्गाचे डोळे आपल्यावर लागलेले पाहून त्याची जीभ टाळूला चिकटली. गुरुजींनी छडी नुसती उचलली, तेवढ्यात हरिश्चंद्राची चड्डी ओली झाली. पुढे मामाकडे मांडवीला राहून तो रत्नागिरीत शिकला, गणित घेऊन बी.एस्सी. झाला, बी.एड. झाला, पण फळ्याजवळ एकटं उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा तो यायचाच. आणि नशिबाची थट्टा अशी, की पोटासाठी त्याला फळ्याजवळच उभं राहावं लागलं.

त्याचा आवाज लहानपणी एकाच ठिकाणी मोकळा व्हायचा, तो देवळात. भागोजी गावचा गुरव. देवाची पूजा त्याच्याकडे आणि गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं कामही त्याच्याकडे. गाऱ्हाणं घालणारा एक असतो. तो देवाकडे एकेक मागणं मागतो, शेवटी ‘रे म्हाराजा’ म्हणतो, आणि जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. मागणं नीट ऐकू आलं नसलं तरी म्हणायचं. पटलं नसलं तरी म्हणायचं. गाऱ्हाण्यात ‘नाय’ हा शब्दच नाही. त्या गर्दीत लहानगा हरिश्चंद्र गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा, कारण तिथे त्याच्याकडे एकट्याकडे कोणी बघत नसे.

ब्याऐंशी साली त्याला गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, कातळावरच्या हायस्कुलात नोकरी लागली. चिऱ्याच्या चार खोल्या, वर कौलं, आजूबाजूला नुसता काळा कातळ. दोन वर्षं तात्पुरता, मग तपासणीत पाठ चांगला झाला तर कायम, असं हेडमास्तर नागवेकरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याच साली मुंबईच्या गिरण्या संपामुळे बंद पडल्या आणि थोरला भाऊ धोंडू बायकामुलांसह घरी येऊन बसला. खाणारी तोंडं वाढली, पगार आणणारा हा एकटा. त्यामुळे ‘कायम’ हा शब्द त्या घरात देवाच्या नावासारखा जपून उच्चारला जाई. हरिश्चंद्राची बायको मैना तर तो उच्चारायलाच भ्यायची. ‘तुमचा ता झाला की’ एवढंच म्हणायची.

पहिलं वर्ष कसंबसं गेलं. दुसऱ्या वर्षी आठवीचा वर्ग मिळाला, त्यात घातांक आला आणि गाडी रुतली. दोनाचा तिसरा घात म्हणजे दोन तीन वेळा घेऊन गुणायचा, एवढं पोरांना कळलं. पण पुढचे नियम सुरू झाले आणि वर्ग मुका झाला. विचारावं तर माना खाली. एकदा त्याने चिमा भोवडला उभं केलं. चिमा म्हणजे मागच्या बाकावरची, खांबाआड बसणारी पोर. ती उठली, वेणीची रिबीन तोंडात धरली, आणि तिचे पाय लटलट कापायला लागले. हरिश्चंद्राला एकदम एकोणिसाचा पाढा आठवला. त्याने घाईघाईने तिला बसायला सांगितलं, आणि त्या दिवसापासून कोणाही पोराला एकट्याला उभं करायचं नाही असं मनाशी ठरवलं. लोक याला दया म्हणतील. दया होतीच, पण अर्ध्याहून जास्त त्याची स्वतःचीच भीती होती.

मग शिकवायचं कसं? एके दिवशी देवळावरून शाळेला जाताना भागोजीचा आवाज कानावर आला, आणि हरिश्चंद्राला युक्ती सुचली. वर्गात जाऊन त्याने खडू खाली ठेवला, हात जोडले आणि बापाच्या ठेक्यात सुरुवात केली:

“पाया सारखा असून गुणाकार असेल, तर घातांकांची बेरीज कर रे म्हाराजा!”

वर्ग क्षणभर बावरला, मग हसला, आणि मग कौलं हलतील असा आवाज आला: “व्हय म्हाराजा!”

“भागाकार असेल, तर घातांकांची वजाबाकी कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“घाताचा घात असेल, तर घातांकांचा गुणाकार कर रे म्हाराजा! शून्य सोडून कुठल्याही संख्येचा शून्यावा घात एक मान रे म्हाराजा!”

पंधरवड्यात सगळी आठवी घातांकांचं गाऱ्हाणं घालायला लागली. गुरं राखताना पोरं घालायची, नदीवर धुणी धुताना पोरी घालायच्या. हेडमास्तर बेहद्द खूश. तोंडी परीक्षासुद्धा हरिश्चंद्राने तशीच घेतली. सगळ्यांनी एकदम म्हटलं, सगळ्यांना सारखे गुण. घटक चाचणीच्या पेपरांत मात्र निराळंच दिसलं. नियम सगळ्यांनी बिनचूक लिहिले होते, आणि गणितं बहुतेकांनी चुकवली होती. कुठे बेरीज, कुठे गुणाकार, कशाचा कशाला मेळ नाही. हरिश्चंद्राने ते पाहिलं आणि पेपरांचा गठ्ठा कपाटात टाकला. एकेकाला जवळ घेऊन विचारल्याशिवाय हा गुंता सुटणार नाही हे त्याला कळत होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प राहिला, आणि रात्री त्याला झोप येईना.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत तपासणी ठरली. रत्नागिरीहून येणारे शिक्षणखात्याचे साहेब कडक, असं सगळे म्हणत. कसे कडक ते कोणी सांगत नसे, त्यामुळे हरिश्चंद्राला जास्तच भीती वाटे. मैनाने त्याच्यावरून मिरच्या ओवाळून टाकल्या. भागोजीने देवापुढे नारळ ठेवला.

साहेब जीपमधून उतरले तेव्हा तसे काही राक्षस दिसले नाहीत. जाडसर, घामाघूम, चष्म्याच्या काचा पुसणारे गृहस्थ. इतिहास शिकवत शिकवत वर चढलेले. हेडमास्तरांनी दुपारसाठी ताजी सुरमई सांगून ठेवली होती, आणि साहेबांचं अर्धं लक्ष तिच्या वासाकडे होतं. आठवीत आल्यावर त्यांनी हरिश्चंद्राला पाठ सुरू करायला सांगितलं. हरिश्चंद्राने हात जोडले, आणि पोरांनी गाऱ्हाणं असं घातलं की शेजारची नववी उठून उभी राहिली. साहेब खळखळून हसले. त्यांनी अशी पद्धत जिल्ह्यात पाहिली नाही असं म्हटलं. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर सुरमई आधीच वाढल्याचं समाधान पसरलं. हरिश्चंद्राच्या पाठीवरून घामाची धार गेली, आणि आपण सुटलो असं त्याला वाटलं.

तेवढ्यात साहेबांना हुक्की आली. त्यांनी स्वतः खडू उचलला. आत्ताच ऐकलेला नियम त्यांच्या डोक्यात घोळत होता, घातांकांची बेरीज. त्यांनी फळ्यावर मोठ्या झोकात लिहिलं: दोनाचा तिसरा घात, मग अधिकचं चिन्ह, मग दोनाचा चौथा घात, बरोबर दोनाचा सातवा घात. वर्गाकडे वळून त्यांनी हात जोडले आणि ठेका धरला.

“तिसरा नि चौथा मिळून सातवा होतो रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी आठवी गर्जली.

हरिश्चंद्राचे कान बधिर झाले. गुणाकाराच्या जागी अधिक. आठ आणि सोळा मिळून चोवीस; दोनाचा सातवा घात एकशे अठ्ठावीस. आणि पोरं आनंदाने हो म्हणत होती, कारण गाऱ्हाण्याला हो म्हणायचं असतं. ते त्यानेच त्यांना शिकवलं होतं.

खोलीत ही चूक कळणारा तो एकटाच होता. की दोघे होते? साहेबांनी मुद्दाम चुकीचं लिहिलं असेल तर? पोरांना आणि मास्तरला पारखायला? तसं असेल आणि आपण गप्प राहिलो तर नोकरी गेली. पण साहेब खरंच चुकले असतील, आणि आपण वर्गासमोर, हेडमास्तरांसमोर तोंड उघडलं, तरी नोकरी गेली. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा हसरा होता, आणि त्यावरून काहीही कळत नव्हतं.

“बरोबर ना, गुरवसर?” साहेबांनी विचारलं.

हेडमास्तर साहेबांच्या पाठीमागे जोरजोरात मान हलवत होते. त्यांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. साहेबांना हो म्हणायचं एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. हरिश्चंद्राला धोंडूची मुलं दिसली, मैना दिसली. हो म्हणायला फक्त ओठ हलवायचे होते. मग त्याची नजर खांबाआडच्या चिमाकडे गेली. तिने वहीत फळ्यावरचं गणित उतरवून घेतलं होतं, जसंच्या तसं, अधिकच्या चिन्हासकट, आणि ती त्याच्याकडे बघत होती. त्याने हो म्हटलं असतं तर तिने ते जन्मभर खरं मानलं असतं.

“नाही साहेब,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला स्वतःलाच शंका आली. म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, “नाही. हे चूक आहे.”

मग त्याने फळ्यावर आठ लिहिले, सोळा लिहिले, चोवीस लिहिले, आणि खाली एकशे अठ्ठावीस. दोनदा खडू मोडला. साहेबांचं हसू हळूहळू मावळलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तेव्हा हरिश्चंद्राला कळलं, की ती परीक्षा नव्हती. साहेब खरंच चुकले होते.

साहेब एवढंच म्हणाले, की तुमच्या वर्गाने तर हो म्हटलं, म्हणजे तुमच्या पोरांना काहीच येत नाही. हे मात्र खरं होतं, आणि तेच जास्त लागलं. साहेब वर्गातून निघून गेले. सुरमई त्यांनी खाल्ली, पण हरिश्चंद्राला पंगतीला कोणी बोलावलं नाही.

पंधरा दिवसांत शेरा आला: मुलांचं नुसतं पाठांतर, आकलन नाही, शिक्षकाचं वर्तन उद्धट. ‘उद्धट’ हा शब्द वाचून मैनाला रडतारडता हसू आलं. हेडमास्तर म्हणाले, कायम करायचं की नाही ते शाळेची समिती एप्रिलात ठरवील, पण अजून वेळ गेलेली नाही. रत्नागिरीला जा, साहेबांची भेट घे, आणि चूक माझी झाली म्हणून पाय धर. एका वाक्याचं काम आहे. हरिश्चंद्राने ‘बरं’ म्हटलं. हेडमास्तरांना तो नेहमीच ‘बरं’ म्हणत असे. शिमगा झाला की जायचं ठरलं. घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला, त्याच्या एकट्याच्या नाही. तो रोज ते वाक्य मनात घोळवायचा आणि रोज ते अर्ध्यावर सोडायचा.

शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरते. ज्या घरी पालखी जाते, त्या घरासाठी गुरव गाऱ्हाणं घालतो. ती भागोजीच्या घरी आली तेव्हा सगळी वाडी मागोमाग आली होती. बायका अंगणाच्या कडेला, पोरं गडग्याच्या दगडी भिंतीवर. त्यांत चिमाही होती. ढोल थांबले. भागोजीने हातात नारळ घेतला.

“बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या लेकराबाळांची राखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“थोरला पोरगा मुंबईसून येऊन घरी बसलाय, त्याच्या हाताला काम लाव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

भागोजीने नारळ छातीशी धरला. “आनि धाकट्यान, हरिश्चंद्रान, लहान तोंडी मोठा घास घेतलान. साहेबाला नाय म्हटलान. त्याची चूक पोटात घाल नि त्याची नोकरी कायम कर रे म्हाराजा!”

लोकांनी तोंड उघडलं, पण त्याआधी एक आवाज आला.

“नाय.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. हरिश्चंद्र ओटीच्या पायरीवर उभा होता. एवढी माणसं आपल्याकडे एकदम बघतायत, हे जन्मभर ज्याला तो भ्याला तेच घडत होतं, आणि वर देव समोर होता. गाऱ्हाण्यात नाय म्हटलेलं त्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. एका म्हातारीने कानांना हात लावले. पालखी धरणाऱ्यांनी खांदे घट्ट केले, जणू देवच आता उठून जाईल. मैनाने पदर तोंडात कोंबला.

“बाबा, चूक नव्हती ती,” हरिश्चंद्र म्हणाला. “नोकरीचा काय व्हायचा ता होऊ दे. पन चूक होती असा मी बोलनार नाय. देवाजवळ नाय नि साहेबाजवळ पन नाय.”

भागोजी हातातल्या नारळाकडे बघत राहिला. उभ्या आयुष्यात गाऱ्हाणं मधेच तुटलेलं त्याला माहीत नव्हतं, आणि तुटलेलं कसं जोडायचं ते त्याला त्याच्या बापाने शिकवलं नव्हतं. मग म्हाताऱ्याने पुन्हा पालखीकडे तोंड केलं.

“बा देवा म्हाराजा, माझा पोरगा म्हनतो चूक नव्हती. त्याला गनित कळता, माला कळत नाय. चूक नव्हती, तर मग तू त्याच्या पाठीशी उभा रव रे म्हाराजा!”

लोक घुटमळले. पहिला आवाज धोंडूचा आला, मग बाकीच्यांचा. “व्हय म्हाराजा!” भागोजीने नारळ फोडला आणि ढोल पुन्हा सुरू झाले. हरिश्चंद्र पायरीवरच खाली बसला.

तो रत्नागिरीला गेला नाही. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकतो: समितीने त्याला कायम केलं नाही, काढलंही नाही, आणखी एक वर्ष तात्पुरता ठेवला. देव पाठीशी उभा राहिला असेल तर तेवढाच राहिला. हेडमास्तर त्याच्याशी बोलेनासे झाले. आणखी एक अख्खं वर्ष रोज सकाळी भीत भीत त्याला कातळ चढायचा होता.

पण समिती बसायच्या आधीच, शिमगा सरताच, शाळेत एक गोष्ट बदलली होती. वार्षिक परीक्षेआधी त्याने आठवीचं गाऱ्हाणं बंद केलं. तो एकेका पोराला आपल्या टेबलाशी बोलवायचा, फळ्याशी नाही, आणि फक्त त्या पोरालाच ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा. पोरं घाबरायची. तोही घाबरायचा, आणि ते त्यांना सांगायचा. चिमा पहिल्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बोटावर मोजून दोनाचा तिसरा घात आठ सांगितला. त्याने आणखी काही विचारलं नाही, जागेवर जायला सांगितलं.

वार्षिक पेपरात त्याने साहेबांचंच गणित घातलं, अधिकच्या चिन्हासकट. चूक की बरोबर ते सांगा आणि कारण लिहा. पेपर तपासायला बसला तेव्हा पहिल्या काही पोरांनी सवयीने ‘बरोबर’ लिहिलेलं पाहून त्याचा धीर सुटला. पुढे थोड्यांनी ‘चूक’ लिहिलं होतं, पण कारण नव्हतं. मग चिमाचा पेपर आला. अक्षर किरटं, ओळी तिरप्या. आठ अधिक सोळा, चोवीस. दोनाचा सातवा घात, दोन सात वेळा लिहून, मधे एकदा खोडून, एकशे अठ्ठावीस. आणि त्याखाली, शाई कागदातून आरपार जाईल इतकं दाबून: ‘म्हणून, नाय म्हाराजा.’

हरिश्चंद्राने ती ओळ दोनदा वाचली. तपासलेले पेपर हेडमास्तर स्वतः चाळत. परीक्षेच्या पेपरात असली भाषा, आणि तीही नेमकी या गणिताखाली. ते काय म्हणतील, अजून बसायच्या असलेल्या समितीला काय सांगतील, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. ती ओळ लाल शाईने खोडायची, बस. उत्तर तिच्याशिवायही पुरं होतं. त्याने पेन उचललं. त्याने ओळीच्या कडेला पूर्ण गुण दिले, ओळ तशीच ठेवली, आणि पेपर गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला.